‘चरबीचीच गाठ असेल’ म्हणण्याआधी

गेल्या वर्षी ईदनंतर खालाजान आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आल्या होत्या. एका दुपारी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालताना माझ्या लक्षात आले, की त्यांच्या सलवारचा डावा पाय उजव्यापेक्षा चांगला चार बोटे रुंद आहे. एकाच सलवारचा नाही, तिन्ही सलवारींचा. खालाजान स्वतः शिवणकाम करतात. गावातल्या कितीतरी मुलींच्या लग्नाचे जोडे त्यांच्या मशीनवर शिवले गेले आहेत. त्यांच्या हातून माप चुकणे शक्य नव्हते. म्हणजे हे मुद्दाम केलेले होते.

मगरिबनंतर मी त्यांना विचारले. आधी त्या हसल्या, मग चिडल्या, मग गप्प झाल्या. शेवटी म्हणाल्या, “मांडीत गाठ आहे. चार वर्षं झाली. चरबीची आहे.”

“चरबीची आहे असं कोणी सांगितलं?”

“सांगायचं कोणी? तुझ्या मामूंच्या पाठीवर नव्हती का? तशीच आहे. दुखत नाही, खुपत नाही. आणि बेटी, अशा जागेची गाठ मी कुणाला दाखवत फिरू?”

बावीस वर्षे मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. रोज कुणाची ना कुणाची गाठ चाचपते. आणि माझ्या अम्मीच्या सख्ख्या बहिणीने स्वतःची गाठ चार वर्षे माझ्यापासून कापडाखाली लपवली, याचे वाईट वाटलेच. पण त्याहून जास्त बोचले ते त्यांनी परस्पर केलेले निदान. मामूंच्या पाठीवरची गाठ आणि स्वतःच्या मांडीतली गाठ या दोन्हींना एकच नाव देऊन त्या मोकळ्या झाल्या होत्या. खरे सांगायचे तर असे करणाऱ्या त्या एकट्या नाहीत. घाईच्या वेळी आम्ही डॉक्टरही बोट लावतो न लावतो तोच म्हणतो, “काही नाही, चरबीची गाठ आहे.” बहुतेक वेळा ते बरोबर निघते. अडचण उरलेल्या वेळांची आहे.

मामूंच्या पाठीवर जी गाठ होती, तिला लिपोमा म्हणतात. शरीरातल्या मऊ भागांत होणाऱ्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते. साध्या, पूर्ण वाढलेल्या चरबीच्या पेशी एका पातळ आवरणात गोळा होतात, एवढेच तिचे स्वरूप. बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान पाठीवर, खांद्यावर, मानेच्या मागे, दंडावर ती येते. ती कातडीच्या लगेच खाली असते, हाताला कणकेच्या गोळ्यासारखी लागते, आणि कडेवर बोट दाबले की बोटाखालून निसटते. ही निसटती कड म्हणजे तिची ओळखच. वर्षानुवर्षे ती तेवढीच राहते किंवा अगदी हळू वाढते. काही घराण्यांत बाप, मुलगा, नातू अशा सगळ्यांच्या अंगावर दहा-वीस गाठी असतात. तीही बहुधा अशीच निरुपद्रवी चरबी असते.

इथे दोन गैरसमज आधीच दूर करते. पहिला म्हणजे खाणे कमी केले की ही गाठ विरघळते. विरघळत नाही. माणूस वाळला तरी लिपोमातली चरबी शरीर वापरत नाही. उलट अंगावरचे मांस कमी झाले की गाठ जास्त दिसू लागते. दुसरा गैरसमज म्हणजे आज साधी असलेली गाठ उद्या कॅन्सर होईल. साधा लिपोमा सहसा कॅन्सरमध्ये बदलत नाही. चरबीच्या पेशींचा जो कॅन्सर होतो, त्याला लायपोसार्कोमा म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा सुरुवातीपासूनच तसा असतो. म्हणून ‘ही गाठ पुढे बिघडेल का’ यापेक्षा ‘ही गाठ आज काय आहे’ हा प्रश्न मोठा आहे. पाठीवरच्या, लिंबापेक्षा लहान, निसटत्या गाठीसाठी या प्रश्नाचे उत्तर बोटांना कळते. गाठ भलत्या जागी असली की बोटे पुरत नाहीत.

कपाळ

आपल्या समाजात वारंवार दिसणारे एक उदाहरण घेते. पन्नाशीच्या आसपासचे एक गृहस्थ दवाखान्यात आले होते. पाच वक्त नमाजी. कपाळाच्या एका बाजूला सुपारीएवढा उंचवटा. घरच्यांचे म्हणणे, ही सजद्याची खूण आहे, तिला हात लावायचा नाही. त्यांच्या मुलाला मात्र हाड वाढल्याची भीती वाटत होती.

सजद्याने कपाळावर जी खूण उमटते, ती कातडीत असते. सततच्या घासण्याने कातडी जाड, खरबरीत आणि काळसर होते. तिच्याखाली गोळा नसतो. या गृहस्थांची कातडी अगदी साफ होती आणि उंचवटा तिच्या खाली होता. कपाळावरचा लिपोमा पुष्कळदा भुवया वर उचलणाऱ्या स्नायूच्याही खाली, हाडाला लागून असतो. वरून ताणलेल्या स्नायूचे झाकण असल्यामुळे तो मऊ न लागता टणक लागतो, हलत नाही आणि हाडाचीच गाठ आहे असे वाटते. सोनोग्राफीत मिनिटभरात फरक कळतो. हाडाची वाढ असेल तर ध्वनिलहरी तिथून पुढे जात नाहीत आणि मागे काळी सावली पडते. चरबी असेल तर खाली हाडाची रेषा अखंड दिसते. आमच्या गृहस्थांची चरबीच निघाली. त्यांना ती काढायची नव्हती, काढली नाही. सजद्यात खुपत नाही, म्हणाले.

एक गोष्ट मात्र आयांनी लक्षात ठेवावी. लहान मुलाच्या कपाळाच्या मधोमध किंवा नाकाच्या मुळाशी जन्मापासून गाठ असेल, तर स्कॅन झाल्याशिवाय तिला कुणालाही कापू देऊ नका. तिथल्या काही गाठींचा धागा आत मेंदूपर्यंत गेलेला असतो.

बाळाच्या पाठीचा मऊ गोळा

मधोमध असलेल्या गाठींचाच विषय निघाला आहे, तर सर्वांत महत्त्वाचे इथेच सांगते. एक जोडपे पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. कमरेच्या खाली, दोन कुल्ल्यांच्या फटीच्या जरा वर एक मऊ गोळा. त्यावर केसांचा बारीक झुपका. जन्मापासून होता. दाई म्हणाली होती चरबी आहे, दादी म्हणाली मूल नशीबवान आहे. आता शाळेत घालायचे म्हणून तो ‘वरच्यावर’ काढून द्या, असा त्यांचा आग्रह होता.

मी मुलाचे बूट काढायला सांगितले. डावे पाऊल उजव्यापेक्षा लहान होते आणि डावा बूट बाहेरच्या कडेने झिजला होता. लघवीचे विचारले तर अम्मी ओशाळून म्हणाली, “अजून अंथरूण ओलं करतो. दिवसासुद्धा कपडे ओले असतात. आम्ही खूप रागावतो त्याला.”

दाई चुकली नव्हती. गोळा चरबीचाच होता, पण तो कातडीपुरता नव्हता. गर्भात पाठीचा कणा बंद होताना काही वेळा चरबी आत शिरते आणि मज्जारज्जूला चिकटून राहते. मूल उंच होते तसा मज्जारज्जू वर सरकायला हवा. चरबीने त्याला खाली बांधून ठेवले, की तो ताणला जातो. मग पाय बारीक होतो, चालताना लचकते, लघवीवरचा ताबा येत नाही. असा गोळा साधा लिपोमा समजून वरून कापायला गेले, तर नसांनाच इजा होऊ शकते. याचा तपास एमआरआयने होतो. बाळ काही महिन्यांच्या आतले असेल, तर मणके अजून कोवळे असल्याने सोनोग्राफीतही आतले बरेच दिसते. पुढचे काम न्यूरोसर्जनचे.

म्हणून नवजात बाळाला आंघोळ घालणाऱ्या हातांना माझे सांगणे आहे. कमरेच्या खाली मधोमध गोळा, केसांचा झुपका, खोल खळगा किंवा लाल डाग दिसला, तर चाळिसाव्याची वाट पाहू नका, बाळाला दाखवा. कुल्ल्यांवर निळसर-काळे चट्टे आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतात. ते वेगळे, ते आपोआप फिके होतात, त्यांची काळजी नको.

त्या मुलाला मोठ्या शहरात पाठवले. ऑपरेशन झाले. पाऊल लहानच राहिले, पण आणखी बिघडले नाही. आई-बापांनी रागावणे बंद केले, ते मला जास्त महत्त्वाचे वाटले.

हात, पोट, मूत्रपिंड

यंत्रमागावर काम करणारा एक तरुण आला होता. मनगट उचलता येत होते, पण हाताची बोटे सरळ होत नव्हती. धागा तुटला की तो जोडता येईना. घरच्यांनी लकवा मानून दम करून घेतला होता, नंतर मालिश. लकवा मेंदूतून येतो तेव्हा सहसा एवढी निवडक बोटे धरत नाही. आणि त्याच्या हाताला बधिरपणाही नव्हता. कोपराच्या खाली, हाडाला लागून चरबीची गाठ झाली होती आणि बोटे उचलणारी नस तिच्याखाली दबली होती. बाहेरून दिसण्यासारखे जवळपास काही नव्हते. साध्या एक्स-रेमध्ये हाडाशेजारी एक काळसर छाया दिसली, कारण चरबीतून क्ष-किरण स्नायूपेक्षा सहज पार जातात. एमआरआयने खात्री झाली. गाठ पूर्णपणे निरुपद्रवी होती, तिने फक्त जागा चुकीची निवडली होती. अशा गाठीत वेळ महत्त्वाचा. नस फार महिने दबून राहिली, तर गाठ काढल्यावरही बोटे पूर्ण परत येतील याची खात्री देता येत नाही. तळहाताच्या मुळाशी अशीच गाठ झाली, तर अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात, आणि बाई समजते की पोळ्या लाटून हात भरला.

गालाच्या आत किंवा जिभेवर पिवळसर, गुळगुळीत फुगवटा आला तर तोही लिपोमा असू शकतो. तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्याने मात्र तोंडातल्या कोणत्याही गाठीला स्वतः नाव देऊ नये. पुरुषांच्या जांघेत चरबीची गाठ हर्नियासारखी दिसते. पुष्कळदा हर्नियाच्या ऑपरेशनमध्येच ती सापडते.

मोठ्या आतड्याच्या, विशेषतः उजव्या बाजूच्या भिंतीतही लिपोमा होतो. लहान असेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. मोठा झाला की कधी शौचातून रक्त जाते, कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो, आणि पोटात कळा सुटतात. दुर्बिणीने पाहताना डॉक्टर चिमट्याने गाठ दाबतात. चरबीची असेल तर उशीवर बोट दाबल्यासारखा खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो. इथे आधी निदान झाले, तर कॅन्सर समजून आतड्याचा मोठा भाग काढण्याची वेळ टळू शकते.

आणखी एक गोष्ट बहिणींसाठी. दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत कधी कधी मूत्रपिंडावर पांढरी चकचकीत गाठ दिसते. रिपोर्टमध्ये ‘अँजिओमायोलिपोमा’ असा लांबलचक शब्द येतो आणि घरात रडारड सुरू होते. ही चरबी, स्नायू आणि रक्तवाहिन्या मिळून झालेली साधी गाठ आहे. पण काही कॅन्सरही सोनोग्राफीत पांढरे दिसतात, म्हणून सीटी स्कॅनने चरबी पक्की करून घ्यावी लागते. चार सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर आत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि गरोदरपणात तो आणखी वाढतो. असा रिपोर्ट जुन्या फाईलमध्ये पडला असेल, तर दिवस राहण्याआधी डॉक्टरला दाखवा.

सीटी स्कॅनला चरबी कशी कळते, हे मला नेहमी विचारले जाते. कुर्मा शिजल्यावर वर रोगन तरंगते ना? चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणून. सीटीमध्ये प्रत्येक पदार्थाच्या घनतेला एक आकडा असतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे १०००, आणि चरबीचा साधारण उणे ५० ते उणे १५० च्या दरम्यान. गाठीवर खूण ठेवून आकडा वाचला की पोट न उघडता कळते, की आत रोगन आहे की मांस. हे यंत्र बनवणारे ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि या आकड्यांना त्यांचेच नाव आहे.

कापण्याआधी आत काय आहे ते पाहावे, ही शिस्त मात्र यंत्रांच्याही खूप आधीची आहे. दहाव्या शतकात कुर्तुब्याजवळ राहणारे अबुल कासिम अल-जहरावी यांनी ‘अत-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात त्यांनी हत्यारांची चित्रे काढून दाखवली, आणि गाठीच्या आत काय आहे याचा आधी अंदाज घेण्यासाठी टोचून पाहण्याचे हत्यारही सांगितले. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे नाव मी कधी ऐकले नव्हते. ते कळले ते फार नंतर, एका उर्दू लेखातून.

मांडीच्या आत

आता पुन्हा खालाजानकडे येते. रात्री दार लावून, फक्त अम्मीला सोबत ठेवून मी त्यांना तपासले. डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला, वरच्या भागात गाठ होती. कातडी तिच्यावरून सरकत होती, पण गाठ सरकत नव्हती. पाय आवळायला सांगितला की ती पक्की बसायची, म्हणजे स्नायूच्या आत होती. कड निसटण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कड हाती लागतच नव्हती. लांबी एका वितीच्या जवळपास.

गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी असेल, स्नायूच्या आत खोल असेल, वाढत असेल किंवा एकदा काढून पुन्हा आली असेल, तर ती साधी आहे असे गृहीत धरू नये. खालाजानच्या गाठीत यातल्या तीन गोष्टी होत्या. ‘दुखत नाही’ हा त्यांचा मोठा आधार होता, पण तो खोटा आधार आहे. चरबीचा कॅन्सर पुष्कळदा मुळीच दुखत नाही. उलट हाताच्या पुढच्या भागावर येणाऱ्या, रक्तवाहिन्या जास्त असलेल्या लहानशा चरबीच्या गाठी दाबल्यावर चांगल्या दुखतात आणि त्या अगदी साध्या असतात.

सोनोग्राफीने खोल गाठीचे पूर्ण उत्तर मिळत नाही, म्हणून एमआरआय केला. एमआरआयमध्ये चरबी आधी पांढरीशुभ्र दिसते. मग यंत्रावर अशी सोय करतात, की चरबीचा उजेड मावळतो. सगळी गाठ एकसारखी काळी पडली, तर ती चरबीची. काळ्यात कुठे पांढरे पट्टे किंवा गोळे उरले, तर तिथे चरबीशिवाय दुसरे काहीतरी आहे. पट्टे दोन मिलिमीटरपेक्षा जाड असतील, गाठ दहा सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर रेडिओलॉजिस्ट सावध होतात. खालाजानची गाठ तेरा सेंटिमीटरची होती, जवळजवळ पूर्ण काळी पडली, पण एक पट्टा तीन मिलिमीटरचा होता.

रिपोर्ट घेऊन मी गाडीत बसले तेव्हा डॉक्टर नव्हते, फक्त भाची होते.

पुढची तपासणी म्हणजे जाड सुईची बायोप्सी. आपल्याकडे बारीक सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, लगेच सुचवली जाते. ती स्वस्त आहे, पण खोल गाठीत तिच्यावर विसंबून राहता येत नाही. सुई वरच्या साध्या चरबीतूनच जाते, तीच चरबी काचेवर येते, आणि ‘चरबीच्या पेशी दिसल्या’ असा रिपोर्ट मिळतो. तो खोटा नसतो, पण गाठीबद्दल काही सांगतही नाही. जाड सुईने गाठीच्या संशयी भागातूनच, स्कॅनवर पाहत, तुकडा घेतात. आणि सुई कुठून घालायची हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवायचे असते, कारण गाठ वाईट निघाली तर सुईचा मार्गही तिच्याबरोबर काढावा लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली साधा लिपोमा आणि सर्वांत सौम्य प्रकारचा लायपोसार्कोमा जुळ्या भावांसारखे दिसतात. अनुभवी डॉक्टरही फसतात. त्यांना वेगळे करते एमडीएम-२ नावाच्या जनुकाची तपासणी. दुसऱ्या प्रकारात या जनुकाच्या प्रती पेशीत नको तितक्या वाढलेल्या असतात, साध्या लिपोमात नसतात. ही तपासणी सगळीकडे होत नाही, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. आमचा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत खालाजानने दोन मुलींच्या लग्नाचे जोडे शिवून पूर्ण केले. “उसनं ठेवून जायचं नाही,” एवढेच म्हणाल्या.

पोटाच्या मागच्या बाजूच्या गाठींबद्दल इथेच सांगते. आतड्यांच्या मागे, मूत्रपिंडांच्या आसपास मोठी चरबीची गाठ दिसली, तर तिथे साधा लिपोमा फारच दुर्मिळ. ती उलट सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच समजून वागतात. ती दुखत नाही. बाईला वाटते पोट सुटले, आणि घरचे तिला भात कमी खायला सांगतात. हातपाय बारीक होत आहेत आणि पोट मात्र वाढत आहे, असे असेल तर सोनोग्राफी करून घ्या.

हया आणि इलाज

हया आपल्या ईमानाचा भाग आहे, तिच्याबद्दल मी काही वेगळे बोलणार नाही. पण तीच शरीयत गरजेची दारही उघडे ठेवते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजारात इलाज करून घ्यायला सांगितले आहे. उपचारासाठी लागेल तेवढाच भाग डॉक्टरला दाखवण्याची सवलत फुकहांनी दिली आहे. स्त्रीसाठी स्त्री डॉक्टर मिळाली तर ती आधी, नाही मिळाली तर मेहरमच्या सोबतीत, गरजेपुरते, पुरुष डॉक्टरलाही. खालाजानला हे माहीत होते. दुसऱ्या बायकांना त्यांनीच सांगितलेले होते. फक्त स्वतःला सांगितले नव्हते.

व्यवहाराचे म्हणाल तर एमआरआय करणारा माणूस काचेपलीकडे असतो, अंगावर दवाखान्याचा झगा आणि चादर असते. स्त्री कर्मचारी हवी असेल तर वेळ ठरवतानाच सांगा, पुष्कळ ठिकाणी सोय होते. स्कार्फच्या टाचण्या, दागिने आणि गळ्यातला धातूचा तावीज मात्र आधी काढून ठेवावा लागतो, कारण यंत्र म्हणजे प्रचंड लोहचुंबक आहे.

हिजामाबद्दल विचारणा होते. हिजामा सुन्नत आहे आणि करणाऱ्यांनी तो जरूर करावा, पण निदान न झालेल्या गाठीवर नाही. त्या जागी चिरा दिल्या, वर ओढ दिली, की आत रक्त साकळते. मग स्कॅनमध्ये काय दिसते आहे तेच कळेनासे होते. मालिश आणि गरम लेपही तिथे नकोत. मधुमेही बहिणींना पोटावर किंवा मांडीवर मऊ फुगवटे आले असतील, तर आधी आठवा, इन्शुलिन रोज तिथेच टोचता का? त्याच जागी टोचत राहिल्याने चरबी जाड होते. तो लिपोमा नव्हे, जागा बदलत राहिल्याने तो उतरतो. तिथे टोचलेले इन्शुलिन धड शोषले जात नाही आणि साखर वरखाली होते, रोज्यांच्या दिवसांत हे जास्त जाणवते.

आता एक तक्रार. एका माणसाच्या मांडीतली खोल गाठ कुणीतरी जागा बधिर करून अर्ध्या तासात काढली. स्कॅन नाही, बायोप्सी नाही, आणि काढलेली गाठ तपासणीलाही पाठवली नाही. कचऱ्यात गेली. दोन वर्षांनी तो माझ्याकडे आला तेव्हा तिथे पुन्हा गाठ होती, या वेळी टणक. पहिली काय होती हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. तो सार्कोमा निघाला. दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी मोठे झाले आणि मांडीचा बराच स्नायू गेला. कमी पैशांत झाले म्हणून तो पहिल्या वेळी खूश होता. तेव्हा काढलेली कोणतीही गाठ, कितीही साधी वाटली तरी, हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवा असे तुम्हीच म्हणा, आणि तो रिपोर्ट लग्नाच्या निकाहनाम्यासारखा जपून ठेवा. सार्कोमाची शंका असेल तर त्याच कामाचे पथक असलेल्या रुग्णालयातच जा. आपल्याकडे मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय त्यासाठी सर्वांना माहीत आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी ऑपरेशनच्या आधी करावी, नंतर नाही.

खालाजानचा रिपोर्ट एका जुम्याला आला. एमडीएम-२ वाढलेले नव्हते. स्नायूच्या आतला साधा लिपोमा. म्हणजे चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच दिलेले नाव बरोबर निघाले, आणि हे त्या मला आजही ऐकवतात. मी म्हणते, नाणे उडवूनही कधी कधी उत्तर बरोबर येते.

गाठ काढावीच लागली, कारण ती मोठी होती आणि चालताना ओढायची. ऑपरेशन भूल देऊन झाले, गाठ सहाशे ग्रॅमची निघाली. स्नायूत शिरलेले लिपोमा पुन्हा येऊ शकतात, म्हणून वर्षातून एकदा तपासणी आहे. दीड महिना त्यांनी खुर्चीवर बसून नमाज पढली. मग एका फजरला जानमाज जमिनीवर अंथरली आणि कुणाचा हात न धरता कायद्यात बसल्या.

आता त्या नवीन सलवारी शिवतात, दोन्ही पाय एका मापाचे. जुन्या तिन्ही उसवून त्यांनी कापड काढले, आणि मशीनखालच्या डब्यात रिपोर्टची फाईल त्याच कापडात गुंडाळून ठेवली आहे. परवा शेजारच्या मुमानींना घेऊन दवाखान्यात आल्या. मुमानी पदर घट्ट धरून उभ्या होत्या. खालाजानने पडदा ओढला आणि म्हणाल्या, “हिच्या काखेत काहीतरी आहे. ही म्हणते चरबी आहे. तू बघ.”